रागाचं उत्तर आधी पोचलं

शारजात फोनच्या पडद्यावर समोरासमोर बोलायचं म्हटलं की सरकार मधी उभं. निरोप जातो, फोटो जातो, बोलून ठेवलेलं जातं. पण थेट बोलायला गेलं की पडदा काळा. लिगाया तिथं एका घरी स्वयंपाकाला होती. तिच्या खोलीत राहणारी, तिच्याच देशातल्या सिबू बेटावरची पोरगी चोरवाटेचं ॲप टाकून नवऱ्याशी खुशाल बोलायची, पण लिगाया त्या भानगडीत पडली नाही. धरलं तर व्हिसाच जायचा. साधा फोन लावावा तर ख्यालीखुशाली विचारेपर्यंत रिचार्ज खलास.

आणि त्या दिवशी तिकडं मायदेशी, बातांगासला, तिच्या लेकीला, मारिकारला, मागणी घालायला रेनांतेच्या घरची मंडळी यायची होती. वरपक्षानं खाण्याची भांडी घेऊन पोरीच्या दारात यायचं, आणि पोरीची आई बोलली की मग तारीख ठरायची, अशी रीत. व्याह्यांना डिसेंबर हवा होता. नाताळात सगळं गोत घरी असतं. लिगायाची सुट्टी जानेवारीत. डिसेंबर ठरला असता तर पोरीचं लग्न तिला फोटोतच बघावं लागलं असतं.

मग तिनं डोकं चालवलं. विहीणबाई काय काय विचारतील ते धुणं वाळत घालता घालता ताडलं, आणि मॅडम बाजारात गेल्यावर न्हाणीघरात उभं राहून एकेकाचं उत्तर फोनवर बोलून ठेवलं. एक या-बसाचं. एक लग्नाच्या जेवणाला डुक्कर कुणी द्यायचं त्याचं. मग तारखेचं. रेनांतेच्या थोरल्या भावाचं लग्न यंदाच झालेलं. सख्ख्या भावांची लग्नं एका वर्षात लागली तर अवदसा येते, हे तिनं त्यात ठासून सांगितलं. तिचा स्वतःचा काही त्यावर विश्वास नव्हता, पण विहिणीचा असेल असा अंदाज. शेवटचं उत्तर एवढंसंच. ऐकतच नसतील तर लावायचं. नवऱ्याला, आंब्रोसियोला, बजावलं, ते विचारतील तसं लावा, आणि सगळी उत्तरं एकदम सोडली.

लांबलचक होती ती वाटेतच अडकली. चिटुकलं रागाचं तेवढं पटकन पोचलं. आंब्रोसियो भोळा. पान्सितच्या शेवयांच्या ताटल्या हातात धरून बसलेल्या पाहुण्यांना म्हणाला, ही बघा आमची बोलतीय, आणि लावलं.

"एवढीच घाई आसंल तर न्या पोरगी उचलून. पन मला विहीण म्हनू नगा."

मारिकारचा रडवेला निरोप आला तेव्हा लिगाया कांदा चिरत होती. आई, हे काय केलंस, कुणाला घास गिळवंना. लिगायाची सुरी थांबली. तिनं घाईघाईनं माफी बोलून सोडली, तर तीही जाईना. फोनवर नुसतं चक्र फिरतंय. मॅडम आत येऊन म्हणाली, कांदा फार झोंबतोय का? लिगाया हो म्हणाली.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. पुरिंगचा, म्हणजे खुद्द विहीणबाईंचा, बोलून ठेवलेला निरोप.

"लिगाया, लई तिखट बाई हाईस बग. आमी धड बसलो बी नव्हतो, तर तू भांडून मोकळी. मागनं बाकीचं बी आलं, ऐकलं समदं. ती भावाभावाची अवदसा तू फादरला सांग, मला नगं. सरळ म्हनावं की, पोरीच्या लग्नाला यायचंय मला." मागं कोणीतरी फिसकन हसलं. "जानेवारी धरलाय. पावन्यांचं आमी बघतो. आता आलीस की समोर बसून भांड."

लिगायाचा जीव भांड्यात पडला. तिनं ते पुन्हा एकदा ऐकलं आणि ओट्याला टेकून पोट धरधरून हसली. मॅडम काय झालं बघायला आली, तर पोरीचं लग्न ठरलं म्हणाली, जानेवारीत.

मॅडमला नवल वाटलं. इथं तर थेट बोलताच येत नाही, मग हिनं बोलणी केली कधी, असं तिनं विचारलं.

"बोलनी कुटली मॅडम," लिगाया म्हणाली, "भांडान झालं." आणि तिनं कांदा कढईत सोडला.