माळ नाभीपर्यंत आली

आमच्या गल्लीत नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. ते आलं की ड्रम, बादल्या, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचा आमचा रिवाज. दोन उन्हाळ्यांपूर्वी एकदा पहिला अर्धा तास गढूळ, वासाचं पाणी आलं. कुणी तक्रार केली नाही. पाणी आलं हेच उपकार. महिन्याभराने समोरच्या घरात कावीळ निघाली, मग शेजारी, आणि मग बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचे डोळे पिवळे दिसू लागले.

तिला सातवा महिना होता. मागच्या खेपेला आईने हौसेने साऱ्या गल्लीला सांगितलं होतं आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. दृष्ट लागली, असं आईने तेव्हाच ठरवून टाकलं. म्हणून या खेपेला कुणाला काही सांगायचं नाही, डोहाळजेवण नाही, बहिणीने दारात उभंही राहायचं नाही. घराचा पार तुरुंग करून टाकला होता.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करतो. काविळीचे रिपोर्ट रोज माझ्या हातून जातात. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही थांबायचं नसतं, हे मला पाठ आहे. तरी रविवारी सकाळी मी आईला मोटारसायकलवर बसवून पिशोरच्या बाजूच्या एका खेड्यात घेऊन गेलो. तिथे एक म्हातारे चाचा काविळीची माळ देतात. हिंदू, मुसलमान, सगळेच त्यांच्याकडे जातात.

चाचा दर्ग्याच्या ओट्यावर बसून ओल्या हिरव्या काड्या दोऱ्यात बांधत होते. प्रत्येक गाठीला काहीतरी पुटपुटत होते. माळ पुरी झाली तरी ती त्यांनी हातातच धरून ठेवली.

"पेशंट बाई हाय ना? पोटुशी तर नाय?"

"नाय," आई म्हणाली.

"खरं सांगा माय. तसं असंल तर मी माळ देत नाय. तिला आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं."

"नाय ओ चाचा. तसं काय नाय."

त्यांनी आईच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून गप्प राहिलो. आईला परक्यासमोर खोटं कसं पाडायचं, हे कारण मी स्वतःला देत आलोय. खरं कारण लिहायला लाज वाटते. मलाही दृष्टीची भीती वाटली होती.

माळ गळ्यात घालायची. ती रोज थोडी लांब होते आणि नाभीपर्यंत आली की कावीळ उतरली, असं मानतात. ओल्या काड्या वाळल्या की आकसतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते, हेही मला ठाऊक होतं. पण माळ घातल्यावर बहीण आठवड्यात पहिल्यांदा चार घास भात जेवली आणि गाढ झोपली. माझ्या कुठल्या रिपोर्टने कुणाला असं झोपवलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून सोमवार गेला, मंगळवारही गेला.

आई रोज सकाळी तिला उभं करून माळ मोजायची. "आज चार बोटं उतरली." माळ छातीखाली आली आणि मग पोटाच्या उंचवट्यावर टेकली. डोळे मात्र दिवसेंदिवस हळदीसारखे होत होते. शुक्रवारी भर दुपारी बहीण झोपेतून उठली आणि म्हणाली, "दादा, शाळेची बस गेली का?"

आई हसली. "झोपंत हाय अजून."

मी बहिणीचा हात धरला. तिला बोटं सरळ धरता येत नव्हती. कावीळ डोक्यात गेली की असं होतं, हे मला ठाऊक होतं. मी रिक्षा आणायला धावलो.

दवाखान्यात नर्सने कात्रीने माळ कापली. ती बरोबर नाभीपर्यंत आली होती. आईने तुकडे गोळा करून पदरात बांधले. "उतरलीच होती की," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बहीण तीन आठवड्यांनी घरी आली. बाळ आलं नाही.

आई आज येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, त्या चाचांच्या माळेने घात केला. लोक मान डोलावतात. मी तिथेच बसलेला असतो. चाचांनी दोनदा विचारलं होतं, हे मी अजून एकदाही बोललेलो नाही.

मागच्या आठवड्यात एक सासू सुनेला घेऊन आमच्या लॅबमध्ये आली. सुनेच्या अंगाभोवती जाड ओढणी होती, डोळे पिवळे होते आणि गळ्यात तशीच माळ होती, काड्या अजून हिरव्या. मी विचारलं, दिवस गेलेत का. सून तोंड उघडणार तोच सासू म्हणाली, "नाय ओ साहेब. तसं काय नाय."

सूर थेट आईचा होता. मी सुई खाली ठेवली. सासूला बाहेर बसायला सांगितलं, लॅबमधल्या ताईंना आत बोलावलं आणि सुनेला पुन्हा विचारलं. दार नीट लागलंय ना, ते तिने आधी पाहिलं.

"सहावा," ती म्हणाली. "पण मी सांगितलं म्हणून सांगू नका."