मधे पडणारे मामा

"हाणायचं हाय ना? हाण की. पर आधी च्या पाज."

समोरच्यानं मूठ वळली, दगड उचलला किंवा नुसता पट्ट्याला हात घातला, की मामा त्याच्या अगदी छातीशी जाऊन उभे राहत आणि हे म्हणत. भांडणात मधे पडणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. ते दोन्ही हात पसरतात, ओरडतात, आणि त्यांच्या ओरडण्यानं भांडण आणखी पेटतं. मामा ओरडत नसत. ते चहा मागत. मारायला निघालेल्या माणसाला चहाचं काय करावं हे कळत नसे, आणि तेवढ्या वेळात त्याचा हात खाली येई.

ते सख्खे मामा कुणाचेच नव्हते. कुरकुंभच्या ज्या कंपनीत आम्ही एका शिफ्टला होतो, तिथं मॅनेजरपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. गाव मांडवगण फराटा, बिऱ्हाड दौंडला. मी मूळचा वरवंडचा, आणि आमच्यातला तिसरा दत्ता, तो दौंडचाच. डबा खायला आम्ही तिघं एकत्र बसायचो. मामा बॉयलरवर होते. एकदा नवे साहेब उगाच आवाज चढवत आत आले. मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही आला की बॉयलरचं प्रेशर वाढतंय. जरा लांबून बोला, आमची बायकापोरं हायती." साहेबांना हसावं की मेमो द्यावा ते कळेना. शेवटी हसले.

कंपनीच्या गेटवर एकदा मोठी मारामारी झाली. बिहारहून आलेली कंत्राटी पोरं आणि आपल्याकडची पोरं, कॅन्टीनच्या रांगेवरून. एकाचं डोकं फुटलं, दुसऱ्याच्या तोंडातून दात आणि रक्त एकदमच बाहेर पडलं. पाइप निघाले. सिक्युरिटीवाले केबिनमध्ये शिरून कडी लावून बसले. मामा सरळ त्या गर्दीत घुसले आणि आपल्या हिंदीत ओरडले, "ए भाईलोग! हमारे में ऐसा डायरेक्ट मारते न्हाई! पहिले शिव्या देते हैं! मारने का नंबर बाद में हाय!"

एक पाइप त्यांच्या खांद्यावर बसलाच. मामा खाली बसले, खांदा चोळला आणि ज्यानं मारला होता त्या बिहारी पोराकडे बघून म्हणाले, "तुमको शिव्या आती न्हाई क्या? आओ, सिखाता." तो पोरगा आधी रडला. मग त्याच्या हातातला पाइप मामांनीच काढून घेतला. पुढं महिनाभर मामांचा हात वर जात नव्हता, आणि तोच पोरगा त्यांचा डबा धुऊन देत होता.

"तुम्ही कशाला मरायला मधी जाता?" दत्ता त्यांच्यावर चिडायचा.

मामांनी एकदाच नीट उत्तर दिलं. बसमध्ये, खिडकीबाहेर बघत.

"मी माझ्या भावाला मारलंय, दत्ता. बांधावरच्या चिंचेपायी. त्यो म्हणायचा तोडू नको, मी म्हणायचो तोडणार. कुऱ्हाडीचा दांडा घातला त्याच्या हातावर. कोपराचा पार भुगा झाला. लोकं गोल करून बघत व्हती. एक जण मधी पडला असता, तरी मी थांबलो असतो. मला थांबायचं व्हतं रं. पर थांबवायला कुणी आलंच न्हाई."

त्यानंतर ते गाव सोडून दौंडला आले. भाऊ, म्हणजे आबा, बरीच वर्षं बोलले नाहीत. आबांच्या मुलीच्या लग्नात आम्ही गेलो होतो. मांडवात फेटे बांधणं चाललं होतं. आबांचा हात डोक्यापर्यंत जाईना. मामा कोपऱ्यात उभे होते. ते पुढं गेले आणि भावाला फेटा बांधायला लागले. आबा मान ताठ धरून म्हणाले, "घट्ट बांध. मारताना लई जोर व्हता की तुझ्यात." मामा हसले, आणि हसता हसताच त्यांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले.

आता त्या दिवसाचं सांगतो.

पहिली शिफ्ट संपवून आम्ही कंपनीच्या बसनं दौंडला निघालो होतो. कुरकुंभ सोडल्यावर थोड्या अंतरावर रस्ता अडलेला. एका टँकरचा धक्का लागून मोटारसायकल पडली होती. मोटारसायकलवाला कडेला बसून गुडघ्यावर पाणी ओतत होता. त्याला फार लागलं नव्हतं. पण मागच्या कुणीतरी "पोरगं गेलं, पोरगं गेलं" अशी हाकाटी केली, आणि तेवढं पुरलं. लोकांनी टँकरच्या ड्रायव्हरला केसाला धरून खाली ओढलं. चपला, पट्टे, दगड. तो हात जोडत होता, तर हातांवर मारत होते. तो पालथा पडला, तर कमरेत लाथा घालत होते. मारणाऱ्यांत बहुतेकांनी अपघात पाहिलासुद्धा नव्हता. एक जण तर स्कूटर स्टँडवर लावून, दोन लाथा घालून, परत स्कूटरवर बसून गेला. हे मी बसमधून पाहिलं.

"दार उघड रं," मामा म्हणाले.

"मामा, नका उतरू," आमचा बसचालक म्हणाला. तोवर ते उतरले होते. मागोमाग मी आणि दत्ता.

त्या दिवशी मामांनी चहा मागितला नाही. मागायला समोर कुणा एकाचं तोंडच नव्हतं. ते गर्दीत वाकून शिरले आणि त्या ड्रायव्हरच्या अंगावर सरळ पालथे झोपले. खालून त्यांचा आवाज आला, "अरं पोरांनो, एकाच्या जागी दोन भेटले! दमानं घ्या, दमानं!"

दोघं-तिघं हसले. मी ते हसू ऐकलं आणि मला वाटलं, जमलं मामांना. तेवढ्यात मागून एक जण धावत आला. त्याच्या हातात टायर खोलायची लोखंडी टॉमी होती. कुणाच्या अंगावर मारतोय हे त्यानं पाहिलंच नाही. दोन्ही हातांनी उचलली आणि घातली.

नारळ फुटल्यासारखा आवाज झाला असं लोक सांगतात. तसा नव्हता. ओल्या मातीत पहार घातल्यासारखा, दबका होता.

गर्दी क्षणात पांगली. टॉमी हातात धरून तो एकटाच उभा राहिला, आणि तेव्हा दत्तानं त्याचं तोंड पाहिलं. तो दत्ताचा धाकटा भाऊ होता, सोन्या. तिथल्याच रस्त्याकडेच्या टायरच्या दुकानात कामाला. मामांच्या घरी दिवाळीला जेवणारा. त्यानं खाली बघितलं, मामांना ओळखलं, आणि तो उसात पळाला.

ॲम्ब्युलन्समध्ये मामांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. टॉवेल भिजून माझी पँट भिजली होती. त्यांनी डोळे उघडले.

"ड्रायव्हर हाय का?"

"आहे मामा. जिवंत आहे."

"त्याला म्हणावं," ते म्हणाले, "गाडी सावकाश चालव." त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यानंतर ते बोलले नाहीत. पुण्याच्या दवाखान्यात त्यांचा जीव गेला.

मांडवगणला अग्नी दिला. लोक मामांच्या घरी परतले, तोच अंगणात आरडाओरडा झाला. दत्ता सोन्याला गाडीत घालून घेऊन आला होता. नातेवाइकाच्या मळ्यात लपला होता, तिथून काढून आणला होता. आणला म्हणजे मारत आणला. सोन्याचा एक डोळा बंद झाला होता, शर्ट गळ्यापासून फाटला होता. भर अंगणात दत्तानं त्याला ढकललं, पट्टा काढला आणि मारायला लागला.

"हाण!" भावकीतला कुणीतरी ओरडला. "सोडू नको आता!" तरण्या पोरांनी कुंपणाच्या काठ्या उपसल्या. म्हातारे मान फिरवून बसले. दत्ता रडत होता आणि मारत होता, आणि सोन्या हातसुद्धा आडवा धरत नव्हता. मी दत्ताला मागून घट्ट धरलं, तर त्यानं मला झटकून पाडलं. त्या दिवशी अंगणात दुसरं मढं पडलं असतं.

मामी घरातून बाहेर आल्या. त्यांना कुणी आणलं नाही, कुणी धरलं नाही. त्या दोघांच्या मधे शिरल्या आणि पुढचा पट्टा त्यांच्या हातावर बसला. दत्ता जागच्या जागी थिजला.

"त्यानं मारलं," मामी म्हणाल्या, "आता तुम्ही मारा. मग ह्यांनी मार कशाला खाल्ला? सांगा ना. कशाला खाल्ला?"

काठ्या घेतलेल्या पोरांकडे त्या वळल्या. "ठिवा खाली."

मग सोन्याकडे न बघता म्हणाल्या, "माझ्या हातचं खाल्लंस तू. मी तुला माफ केलेलं न्हाई. करायची बी न्हाई. पर ह्या घराच्या दारात कुणी कुणाला मारायचं न्हाई. घेऊन जावा ह्याला चौकीवर."

त्यांच्या मनगटावर पट्ट्याचा वळ उठला होता. तो तसाच पदराखाली झाकून त्या आत गेल्या.

मी सोन्याला उठवलं. आम्ही त्याला दत्ताच्या गाडीत घातलं. मी त्याच्याजवळ मागं बसलो. काही पोरं गाडीमागं थोडी पळाली आणि थांबली. गाडी नदीच्या पुलापर्यंत आली. सोन्याच्या नाकातून रक्त येत होतं, ते तो पुसत नव्हता.

"दादा," तो मला हळूच म्हणाला, "मामा काय बोललं का? माझ्याबद्दल?"

"त्यांनी तुला बघितलंच नव्हतं, सोन्या."

त्याला यानं बरं वाटेल असं मला वाटलं होतं. त्यानं तोंडात मूठ कोंबली आणि तो गुडघ्यांत वाकला. दत्तानं आरशातून एकदा मागं पाहिलं. मग हात वर करून आरसाच फिरवून टाकला, आणि गाडी चालवत राहिला.