आडवा माड

हे आजवर माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोला तर नाहीच सांगितलं, कारण तिला सांगितलं असतं तर बोर्ली पंचतनच्या बाजारात भाजी घेता घेता ते सगळ्या पंचक्रोशीला कळलं असतं. तुम्ही लांबचे, म्हणून सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. मलाही येतं, मधूनमधून. मग एकदम येईनासं होतं.

आमच्या गावात एक सलोखा मंडळ आहे. कोर्टकचेऱ्या करत फिरण्यापेक्षा गावातली भांडणं गावातच मिटावीत म्हणून जुन्या लोकांनी काढलेलं. ज्याचं भांडण मिटेल तो सभासद, अशी रीत — त्यामुळे निम्मं गाव सभासद आहे आणि कोण कोणाशी कशावरून भांडला होता हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. भांडण मिटलं की मंडळाच्या अडकित्त्याने एक रोठा सुपारी मधोमध कातरायची. अर्धी याने तोंडात टाकायची, अर्धी त्याने. दावा संपला. आणि आणखी एक नियम — दावा चालू असेपर्यंत दोन्ही पक्षांनी एकमेकांशी बोलायचं नाही. जे काही बोलायचं ते सुनावणीत, पंचांसमोर. शब्दाला शब्द लागून डोकी फुटू नयेत एवढाच हेतू. नियम चांगला आहे. नियमाचा यात काही दोष नाही.

मी या मंडळाचा चिटणीस. सगळी नोकरी एसटीत काढली, वाहतूक नियंत्रक म्हणून, माइकसमोर. मी नुसता घसा खाकरला तरी अख्खा स्टँड पिशव्या उचलून उभा राहायचा. निवृत्त झालो आणि घरात "चहा टाकतेस का" एवढंही कोणी ऐकून घेईना. अशा माणसाच्या हातात मंडळ दिलं तर काय होणार? रविवारी सुनावणी असली की मी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. ज्याच्या घरी सुनावणी त्याने पंचांना खाऊ घालायचं, हीही आमची रीत. मनोहरदादांकडे ओल्या नारळाच्या करंज्या. दत्तूभाऊकडे तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण... बघा, कबुली द्यायला बसलो आणि कोलंबीवर आलो. टाळतोय मी, तुमच्या लक्षात आलंच असेल.

तर मनोहरदादा आणि दत्तूभाऊ. वाड्या शेजारी शेजारी, मध्ये एक दगडी गडगा. दोघं एका बाकावर शिकलेले, इतरांशी झालेल्या जुन्या भांडणांमुळे मंडळाचे सभासद, संध्याकाळी खाडीवर गळ टाकून गप्पा मारत बसणारे — मासे कमी, गप्पा जास्त. त्यांचं बिनसलं एका माडावरून. माडाचं मूळ दादांच्या वाडीत, पण तो वाकत वाकत गेला गडग्यापलीकडे आणि नारळ पडायला लागले दत्तूभाऊच्या पडवीच्या कौलांवर. नारळ कोणाचे? फुटलेली कौलं कोणी बदलायची? हा दावा. आम्ही तो सावकाश ऐकत होतो. कालवण चांगलं असायचं.

मग ते वादळ आलं. आमच्या निम्म्या पोफळी त्याने मोडून टाकल्या, आणि तो माडही आडवा झाला, गडग्यावरच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहणीला गेलो. कोणी बोलावलं नव्हतं, पण चिटणीस ना मी! बघतो तर काय — दोघं त्या पडलेल्या माडावर बसलेले, मांडीला मांडी लावून, मध्ये चहाची किटली. दत्तूभाऊने झावळ्या तोडायला कोयताही आणला होता. मला बघून ओरडला, "चिटणीस, तुमचा दावा वाऱ्यानं मिटवला बगा!" आणि मनोहरदादा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आता मला सांगा, सलोखा मंडळाच्या चिटणिसाला यावर आनंद व्हायला हवा होता की नाही? मला झाला नाही. गावात तेवढा एकच दावा उरला होता हो! तो गेला की मंडळ गेलं, रविवार गेला, इस्त्रीचा शर्ट गेला. मग मी — कसं सांगू — स्टँडवरचा आवाज काढला आणि म्हणालो, "हात लावू नका. बुंधा या बाजूला, शेंडा त्या बाजूला. पडलेला माड कोणाचा हे आधी ठरायला पाहिजे. आणि दावा चालू असताना तुम्ही बोलताय कसे?"

त्यांना आधी थट्टाच वाटली. मग माझा चेहरा बघून दत्तूभाऊने कोयता उचलला, दादांनी अर्धा कप तसाच खाली ठेवला. दोघंही नियमाची माणसं. एक गडग्याच्या अलीकडून घरी गेला, दुसरा पलीकडून. किटलीत चहा उरला होता. तो मी प्यायलो.

एवढीच गोष्ट. पण ती तिथे थांबली नाही, मी थांबू दिली नाही. कधी पंच आजारी, कधी गणपती, कधी शिमगा — तारखा देणं माझ्याच हातात. माडाला वाळवी लागली. दत्तूभाऊची कोंबडी त्याच्या आडोशाला अंडी घालायला लागली, तर अंडी कोणाची हा पोटदावाही मी दाखल करून घेतला. कोंबडी तेवढी साक्षीला बोलावायची राहिली.

मग मंडळाचं पुढं काय करायचं हे ठरवायला सर्वसाधारण सभा बसली. आमच्या अध्यक्षा सुमनताई स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, एका माडासाठी मंडळ कशाला हवं, बंद करू या. कोणी म्हणालं, व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढून भांडणं तिथेच मिटवा. कोणी म्हणालं, तिथे मिटत नाहीत, तिथेच लागतात. भांडण होण्याआधीच समेट करायची शिबिरं घ्या, असं एकाने सुचवल्यावर दुसरा इतका भडकला की दोघांना धरून बसवावं लागलं. नवा दावा मिळतोय की काय, म्हणून मी क्षणभर सुखावलो. पण ते लगेच निवळले. शेवटी मी उठलो. एक दावा शिल्लक असताना मंडळ मोडणं म्हणजे दोन माणसांना वाऱ्यावर सोडणं, असं काहीतरी बोललो. टाळ्या पडल्या. मंडळ चालू ठेवायच्या बाजूने पहिले हात वर झाले ते मनोहरदादांचे आणि दत्तूभाऊचे.

बाहेर चपला घालताना दादांनी माझा हात धरला. म्हणाले, "मंडळ राखलंस, बरं केलंस बाबा. दत्त्या जवळ बसलेला दिसतो तो सुनावणीतच. दिवाळीनंतर मुलगा मला पुण्याला नेतोय, कायमचा. तारीख जरा आधीची दे."

माझ्या पिशवीत तेव्हा अडकित्ता होता. सुपारीही होती. दत्तूभाऊ पलीकडे चिंचेखाली उभा होता, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. काय करायचं होतं मला? एक हाक मारायची होती. पण सुपारी कातरली की दावा संपणार होता, आणि टाळ्या अजून कानात होत्या. मी म्हणालो, पंचांना विचारून कळवतो.

तारीख मी दिवाळीनंतरची दिली.

दादा पुण्याला गेले. एक पक्ष गैरहजर असला की पुढची तारीख पडते, त्यामुळे मंडळ उत्तम चालू आहे. दत्तूभाऊ प्रत्येक सुनावणीला येतो, पंचांसाठी कालवण आणतो आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारतो, "मन्या बरा हाय ना? तुमीच विचारून सांगा, मला बोलता येत न्हाय." फोन त्याच्या खिशात असतो, त्यात दादांचा नंबर आहे. पण दावा चालू आहे, म्हणून तो लावत नाही. मी त्याला पुढची तारीख सांगतो, आणि तो बरं म्हणून घरी जातो.