गाईशी कोण बोलणार

थोरलीने जेवताना सांगितलं, आणि तेही वाढता वाढता, घरातलं मीठ संपलंय हे सांगावं तसं. "आम्ही दोघं चार दिवस समुद्रावर जाणार आहोत. सोमवारी निघू."

दिराचा घास हातातच राहिला. धाकट्या जावेने मान खाली घातली, कारण तिला हसू आवरत नव्हतं. आणि थोरला, म्हणजे तिचा नवरा, 'आम्ही दोघं' मधला दुसरा तोच, त्याने पाण्याचा पेला उचलून गटागटा रिकामा केला. त्याला आदल्या दिवशीच कळलं होतं. तेव्हा तो 'बघू' म्हणाला होता. लग्न झाल्यापासून त्या 'बघू'चा अर्थ थोरली 'नाही' असा घेत आली होती. कांदा निघाल्यावर बघू, विहिरीचं काम झाल्यावर बघू, धाकट्याचं लग्न उरकल्यावर बघू. धाकट्याचंही लग्न उरकलं. म्हणून या खेपेला तिने त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

"आणि मिजासचं काय?" सासूबाईंनी विचारलं.

मिजास म्हणजे गाय. घरची जमीन तुकडाभर, भाजीचा मळा, चार कोंबड्या आणि दोन गाई. दुसरी गाय बिचारी गरीब, तिच्याखाली पाहुण्याने बसावं तरी दूध देईल. पण घर चालायचं ते मिजासच्या दुधावर, आणि तिचा तोरा असा की थोरलीशिवाय दुसरं कुणी धार काढायला बसलं की ती पान्हा चोरायची. कासेत दूध गच्च, पण सडातून थेंब सुटायचा नाही. फार ओढाताण केली तर लाथ. दिराच्या नडगीवर तिची खूण होती.

थोरली मात्र खाली बसायची, कपाळ गाईच्या कुशीला टेकवायची, आणि दोन्ही हात चालू झाले की हळू आवाजात काहीबाही बोलायची. घरच्यांना वाटायचं, गुणगुणते. कुणी कधी जवळ जाऊन ऐकलं नाही, आणि तिनेही कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

"मिजासला धाकटी बघेल," थोरली म्हणाली.

"मी?" धाकटीचं हसू पळालं.

"आजवर गोठा सोडून गेली नाहीस, आता हे कुठून डोक्यात आलं?" सासूबाई म्हणाल्या. "मी या घरात आल्यापासून एक रात्र बाहेर काढली नाही. माझं काही अडलं नाही."

"तुमचं अडलं नसेल, आई. माझं अडलंय."

अडलं होतं ते असं. महिन्याभरापूर्वी शेजारच्या लग्नात नव्या नवरीच्या मैत्रिणी घोळका करून बसल्या होत्या. लग्नानंतर कोण कुठे फिरायला गेलं होतं, ते एकेक जण सांगत होती. पाळी थोरलीवर आली. "गोठ्यात," ती म्हणाली. सगळ्या खो खो हसल्या. तीही हसली, पण घरी येताना तिला आपल्या हसण्याचाच राग आला. केस पांढरे व्हायला लागले आणि नवऱ्याबरोबर बसून एक कप चहा ती कधी निवांत प्यायली नव्हती. एक जण प्यायला लागला की दुसरा वैरण घालायला उठलेला. त्या रात्री तिने मनाशी पक्कं केलं, आता कुणी अंगावर आलं तरी मागे हटायचं नाही.

निघायच्या आधी तिने धाकटीला मिजासखाली बसवलं. "नुसती धार काढू नकोस. तिच्याशी बोल."

"काय बोलू?"

"मनात सलत असेल ते. घरातलं. कोण काय बोललं, कोण कसं वागलं."

धाकटीने बराच विचार केला. तिच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. "माझ्या मनात काही सलत नाही हो, ताई."

"मग तुझं कठीण आहे," थोरली म्हणाली आणि बॅग भरायला गेली.

ही गाईची खोड तिला फार पूर्वी कळली होती. एका दुपारी सासूबाई टाकून बोलल्या होत्या, आणि ती धार काढताना रडत रडत सगळं गाईला सांगून मोकळी झाली. त्या दिवशी मिजासने असं दूध दिलं की चरवी भरून वर फेस आला. तेव्हापासून तिने रोज सांगायला सुरुवात केली. एकदा गंमत म्हणून घरच्यांचं कौतुक करून पाहिलं, तर गाईने चरवीच उलथी केली. चांगलं बोललेलं त्या जनावराला मुळी खपायचंच नाही.

सोमवारी पहाटे, धारेच्या आधीच दोघं निघाले. सासूबाई दारात आल्या नाहीत. दीर बसपर्यंत आला आणि सारखा भावाकडे बघत राहिला, अजून वेळ आहे, विचार बदल, अशा नजरेने.

समुद्राजवळची खोली लहान होती. पत्र्याचं छप्पर, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, दोन लोखंडी खाटा दोन भिंतींना लावलेल्या. थोरलीने आल्या आल्या एक खाट ओढून दुसरीला भिडवली. आवाज इतका झाला की खोलीची मालकीण किल्ल्या खुळखुळवत वर आली. "काही मोडलं का?" थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाही, जोडलं," थोरली म्हणाली.

संध्याकाळी दोघं खानावळीत जेवले. पोऱ्या ताट उचलायला आला तर तिने ते घट्ट धरून ठेवलं. इतक्या वर्षांत तिचं उष्टं ताट दुसऱ्याने कधी उचललं नव्हतं. मग सोडलं, आणि तशीच हात बांधून बसून राहिली. बरं वाटलं तिला, अगदी मनापासून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. दीर होता. थोरल्याने ऐकता ऐकता पायात चपला सरकवल्या.

"मिजासने काल दोन्ही वेळा दूध दिलं नाही. आजही नाही. कास दगडासारखी झाली आहे, हात लावू देत नाही."

त्याने बॅग खाटेवर घेतली आणि टॉवेल कोंबायला लागला. "कास सुजली तर गाय कामातून गेली. तुला काय सांगायचं हे."

तिला सांगायची गरज नव्हतीच. मिजासला तिने वासरू असल्यापासून वाढवलं होतं. कास तटतटलेली, गाय पाय आपटतेय, दावं ओढतेय, हे सगळं तिला त्या खोलीत बसून दिसत होतं. घरात कुणी माणूस आजारी पडलं असतं तर ती इतकी घाबरली नसती. आणि तरीही ती जागची हलली नाही. आज परत गेलो तर पुन्हा कधी निघणं होणार नाही, हे तिला गाईच्या दुखण्याइतकंच स्पष्ट दिसत होतं.

तिने फोन घेतला. "भाऊजी, गरम पाण्याच्या फडक्याने कास शेका. हलक्या हाताने. आणि मग कुणीतरी तिच्याशी बोलत बोलत धार काढायला बसा."

"धाकटी बोलली. गाणीसुद्धा म्हणाली. काही उपयोग नाही. वहिनी, आपण असं करू. मी फोन तिच्या कानाला धरतो, तुम्ही तिकडून बोला. दोन मिनिटांचं काम."

थोरला मान डोलवायला लागला. युक्ती चांगलीच होती. थोरलीलाही ती चांगली वाटली, म्हणूनच तिचं डोकं सणकलं.

"नाही," ती म्हणाली. "आज कानाला फोन लावलात तर पुढे जन्मभर मी खिशात गोठा घेऊन फिरेन. मी बाहेर आलेय म्हणजे बाहेर आलेय."

"वहिनी, गाय मरेल."

"नाही मरणार. नीट ऐका. तिला गाणी नकोत, गाऱ्हाणी लागतात. घरच्यांची. मी रोज तेच सांगते तिला."

पलीकडून दिराने विचारलं, "कुणाची गाऱ्हाणी?"

"सगळ्यांची. तुमची, धाकटीची, आईंची."

"माझीसुद्धा?" हे थोरल्याने विचारलं, हातात टॉवेल तसाच.

"तुमची सकाळी. सकाळी दूध जास्त लागतं."

तिकडे फोन मोठ्याने लावलेला असणार, कारण मागून सासूबाईंचं 'शोभतं का हे' ऐकू आलं. थोरली म्हणाली, "आई ऐकतायत ना? मग त्यांनीच बसावं. पूर्वी त्याच काढायच्या धार. त्यांना म्हणावं, माझ्याबद्दल बोला. विषय कमी पडणार नाही."

आणि तिने फोन बंद केला. नुसता ठेवला नाही, पार बंद केला आणि उशीच्या अभ्र्यात घातला.

थोरला बॅग घेऊन दाराशी उभा होता. "मी जातो."

"जा. मी राहते."

"एकटी?"

"तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी मी राहते."

तो गेला. जिन्यावर पावलं वाजली, मग रस्त्यावर, मग काही नाही. थोरली समुद्रावर जाऊन ओल्या वाळूत बसली. समोर एवढा समुद्र, आणि तिला दिसत होती कास. हाताची बोटं आपोआप मिटत होती, उघडत होती. गेला तो गेला. उद्या चार माणसं म्हणतील, नवऱ्याला सोडून समुद्रावर बसली. म्हणू देत. ती उठली नाही.

बऱ्याच वेळाने बाजूला बॅग आपटली. थोरला खाली बसला.

"बस नव्हती?"

"होती."

त्याने चपला काढल्या, बाजूला नीट लावून ठेवल्या. "सकाळी काय सांगतेस माझ्याबद्दल?"

"ऐकाल?"

"आता गाय इथे नाही. मीच आहे."

मग तिने सांगितलं. तिचे वडील आजारी होते तेव्हा तो 'बघू' म्हणाला, आणि ती पोचायच्या आत ते गेले. त्याची आई तिला बोलायची तेव्हा तो मूग गिळून बसायचा आणि मग गोठ्यात येऊन विचारायचा, जेवलीस का. बाजारातून सगळ्यांसाठी काही ना काही आणायचा आणि तिला म्हणायचा, तुला काय हवं ते मला कळत नाही. "विचारलं असतंत तर कळलं असतं," ती म्हणाली. आवाज चढला होता, बाजूने जाणारे वळून बघत होते. बघेनात का. वडिलांचं ऐकताना थोरल्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"चुकलं माझं," शेवटी तो म्हणाला. "आणि संध्याकाळी कुणाचं असतं?"

"संध्याकाळी तुमच्या आईचं."

तो हसला. तीही हसली, आणि या वेळी तिला आपल्या हसण्याचा राग आला नाही.

ठरल्याप्रमाणे दोघं पुरे चार दिवस राहिले. फोन अभ्र्यातच होता. ती सुखात होती असं म्हणणं खोटं होईल, पहाटे जाग यायची आणि काळजीने छाती भरून यायची. पण तशा काळजीतच ती उठायची, नवऱ्याबरोबर रस्त्यावरच्या टपरीत बसायची आणि चहाचा कप संपेपर्यंत दोघांतलं कुणी उठायचं नाही.

परत आले ते धारेच्या वेळेला. थोरलीने बॅग फाटकातच टाकली आणि सरळ गोठ्याकडे निघाली. दीर दाराबाहेर उभा होता. त्याने तोंडावर बोट ठेवलं.

आतून चरवीत धार पडल्याचा आवाज येत होता. भरत आलेल्या चरवीचा, जड. थोरलीने भिंतीला हात टेकवला. त्या आवाजाबरोबर सासूबाईंचा आवाज येत होता.

"उद्धट आहे. भाजी चिरते तेसुद्धा सगळ्या घरावर उपकार केल्यासारखी. तोंडाला तोंड देते. आणि जायचं म्हटल्यावर काय, वाढता वाढता सांगते. सांगते, बाई, विचारत नाही." धार थोडी मंदावली, पुन्हा लागली. "मी विचारलं होतं. तुझी आजी होती तेव्हा या दावणीला. यांना म्हटलं, बहिणीकडे दोन दिवस जाऊन येऊ का. म्हणाले, गाय कोण बघेल. मी बसले खाली. मग ती गाय गेली, दुसरी आली, हेही गेले, आणि मी आपली बसलेलीच. तिथेच माझं चुकलं. मी विचारलं."

थोरली दारात जाऊन उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने पुसले नाहीत. मिजासने तिच्याकडे पाहिलं, ओळख दिली, आणि पुन्हा रवंथ करायला लागली. दूध थांबलं नाही.

"आलीस," सासूबाई न वळता म्हणाल्या.

"द्या, मी बसते. तुमचे गुडघे दुखतील."

"दुखतायतच. तिथेच उभी राहा, माझं अजून संपलेलं नाही. सकाळी तू बसत जा. संध्याकाळ माझी." त्यांनी शेवटची धार काढली, चरवी बाजूला सरकवली आणि गाईच्या पाठीचा आधार घेऊन उठल्या. "आणि येत्या आठवड्यात मी बहिणीकडे चाललेय. एकटी. फोन इथेच ठेवून जाणार आहे."

थोरला बॅग घेऊन नुकताच दाराशी पोचला होता. सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "बघू."

"बघायचं काय त्यात?" सासूबाई म्हणाल्या. "मी विचारत नाहीये. सांगतेय."