लोकरीनं बांधलेली घंटी

मी शाळेत फार गेलो नाही. मंद्रूपच्या शिवारात मेंढरं राखण्यातच माझा जन्म गेला. देवाबद्दल काही लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. बिरोबाला दर रविवारी भंडारा टाकायचो, पण खरं सांगायचं तर हात सवयीनं चालायचा. मनात आत भरवसा होता तो माझ्या काठीवर.

हिवाळ्यात बायकोच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात तिच्या खाटेसमोर भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर डोंगरातल्या दरीचं चित्र, हिरवंगार, खाली धुकं. ती दिवसभर त्याच्याकडं बघत पडायची. घरी आल्यावर तिनं मुलाला एकच सांगितलं, "मरायच्या आत मला तसलं काय तरी दाव." मुलगा जुळे सोलापूरला असतो, नोकरीवाला माणूस. पाडव्याला जोडून शनिवार-रविवार आला होता. सकाळी गुढी उभारायची आणि लगेच गाडी काढून साताऱ्याच्या पलीकडं डोंगरात जायचं, असं त्यानं ठरवलं. मोबाइलवर खोलीसुद्धा घेतली.

"आणि मेंढरं?" मी विचारलं.

"मायाप्पादादा बघंल की, आण्णा."

मायाप्पा माझा सख्खा पुतण्या. बांधावरून आमचं बोलणं बंद होतं. मी म्हणालो, "त्याच्यापरीस लांडग्यालाच बोलीव की राखायला."

मग बायको चुलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाली, "तुमी ऱ्हावा तुमच्या मेंढरांत. मी जाते पोरासंगट. परत आले तर आले." ते शेवटचं वाक्य मला लागलं. मी जायला तयार झालो.

आमच्या घरची एक रीत आहे. धनी बाहेर मुक्कामाला चालला की म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटी काढून बिरोबाच्या ठाण्यावर बांधायची आणि वर भंडारा टाकायचा. म्हणजे कळप देवाच्या हवाली. घंटीच्या आतला लोळा लोकरीनं करकचून बांधायचा, कारण ती वाऱ्यानं वाजली तर मेंढरं रान सोडून देवळाकडं पळतात. आणि जो माणूस राखायला येईल त्याला दुसरी घंटी द्यायची. मी पहिलं सगळं केलं. दुसरी घंटी मात्र दिली नाही.

मायाप्पा म्हणाला, "काका, बिनघंटीचा कळप मी वळू कसा?"

"वळता येत नसंल तर बसून ऱ्हा."

ठाण्यापुढं उभा राहून मी मनात देवाला म्हणालो, त्याच्यावर माझा भरवसा नाही, आणि तुझ्यावर किती आहे तेही मला ठाऊक नाही.

दरी चित्रातल्यासारखीच होती. संध्याकाळी बायको बघतच राहिली. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तरी म्हणाली, "केवढं हिरवं वो!" सूनबाई तिला म्हणाली, "आत्या, सकाळी धुक्यात आणखी छान दिसतंय." बस्स, तेवढं ऐकून म्हातारी पहाटे कुणाला न उठवता बाहेर पडली.

मला जाग आली तर अंथरूण गार. दार उघडं. बाहेर पांढरं धुकं असं दाटलेलं की माझाच हात मला दिसेना. कड कुठं आहे, वाट कुठं आहे, काही कळेना. मी हाक मारली. माझी हाक रानात घुमते म्हणतात, पण तिथं ती तोंडापुढंच विझली. पाखरू बोलत नव्हतं. पाय उचलायची भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा काठी हातात असून काही उपयोग नव्हता. मी तिथंच म्हणालो, "बिरोबा, मला न्हाय जमत. तूच बघ."

आणि घंटी वाजली.

आमच्या त्या घंटीला चीर आहे, आवाज फुटका येतो. बाजारात शंभर घंट्या वाजल्या तरी मी ती ओळखीन. म्होरक्या चालताना वाजते तशीच वाजत होती, संथ. मी मागं मागं गेलो. घंटी थांबली, मीही थांबलो. पायाशी बायको दगडावर बसलेली होती. काठी पुढं टेकवली तर टेकायला जमीनच नव्हती.

तिला धरून मागं आणलं. ती घाबरलेली नव्हती. म्हणाली, "घोंगडं पांघरलेला एक बाप्या आला. म्हनला, बाई, बस खाली. घंटी वाजल्याबिगर उठू नको. अंगाला मेंढरांचा वास येत व्हता, मला वाटलं तुमीच हाय. पर तुमी मला कवा असं गोड बोलता?"

खोल्या सांभाळणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "इकडं मेंढरं कुणीच पाळत नाही, बाबा."

घरी आलो तो थेट ठाण्यावर गेलो. मंद्रूपला ऊन नुसतं भाजत होतं. घंटी जिथल्या तिथं होती. बांधलेली लोकर खाली पडली होती, आणि ती ओली होती. घंटीच्या काठावरूनही पाणी टपकत होतं. मायाप्पा मागं येऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, तुमी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मेंढरं उठली आन् समदी मावळतीकडं तोंड करून हुबी ऱ्हायली. चारा न्हाय, आवाज न्हाय. मला लई भ्या वाटलं. मग आपसूक चरायला लागली. एक बी कमी न्हाय, मोजून घ्या."

मी मोजली नाहीत. घंटी सोडून त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "तूच बांध."

मागोमाग आलेली बायको देवळाच्या दारातून हसली. "माज्या बी गळ्यात एक बांधा म्हनावं."

ते काय होतं हे मी कुणाला पटवायला जात नाही. माझी माणसं आणि माझी मेंढरं मीच राखतो असं वाटायचं, ते आता वाटत नाही, आणि त्यानं जीव हलका झाला आहे. ती लोकर मी देव्हाऱ्यात ठेवली आहे. चैत्र सरला, वैशाखाचं ऊन पत्र्यावर तापतं आहे. रोज सकाळी हात जोडून मी तिला बोट लावतो. ती अजून ओलीच आहे.