धार चॅम्पियन होऊ नये म्हणून

देवासात धारवाल्यांचा विषय काढला की चहा थंड होतो, पण किस्से संपत नाहीत. एकाने सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात. मला तर ठरवूनही विसरता येत नाहीत. रागावलेल्या माणसाला सगळं नीट लक्षात राहतं आणि मी सध्या रागावलेलाच असतो.

आधी एवढं समजून घ्या. आमच्याकडे आसपासच्या शहरांची फुटबॉल लीग असते. देवास पांढऱ्या जर्सीत, धार पिवळ्या. तेही आपल्यासारखेच मराठी, माळव्यात येऊन राहिलेले. माझ्या मावशीचं सासर धारचंच. पण लीग सुरू झाली की मावशीचा फोनसुद्धा आमच्या घरी कोणी पटकन उचलत नाही.

*

आमच्या बघ्यांचे म्होरके बाळकाका. कंपनीतून रिटायर झाले आणि मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले, ते बसलेच. त्यांच्या मुलीसाठी धारचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं. काकू खूश. काका म्हणाले, धारमध्ये मुलगी देणार नाही.

काकूंनी दोन दिवस अबोला धरला, तेव्हा कुठे बघण्याचा कार्यक्रम ठरला. पोहे झाले, चहा झाला. काका एकटक मुलाकडे बघत होते. शेवटी विचारलंच, मॅचला कुठे बसता?

मुलगा बिचारा घरून पढवून आणलेला. म्हणाला, "काका, मी फुटबॉल बघतच नाही."

सगळ्यांना वाटलं, सुटलो. काका खुर्चीतून उठले. "धारचा, आणि फुटबॉल बघत नाही? म्हणजे त्यांच्यातही वाया गेलेला!"

स्थळ मोडलं.

*

हेच काका पुतण्याच्या हळदीला आले. अंगण पिवळं, साड्या पिवळ्या, नवरदेव तर नखशिखांत पिवळा. आदल्याच रविवारी धारने आम्हाला तीन गोल घातले होते.

काका दारातच थांबले. काकूंनी हाताला धरून आत आणलं, हळदीची वाटी पुढे केली. रीत आहे, लावावी लागते. काकांनी एक बोट बुडवलं, नवरदेवाच्या गालाला पुसटसं टेकवलं आणि खिशातून रुमाल काढून बोट पुसलं.

"मुलगा आपला आहे," काका म्हणाले, "म्हणून एवढी तरी लावली."

*

आता माझ्या दादाचा. अमोल, आमच्या डिफेन्सच्या मधोमध उभा राहणारा स्टॉपर, पाच नंबर. सहा फुटांच्या वर उंच, म्हणून धारवाले त्याला लंबू म्हणत. हेडिंगला उडाला की त्यांच्या फॉरवर्डला आकाश दिसत नसे. त्यामुळे शिव्याही सगळ्यात जास्त त्यालाच.

धारचा एक गुड्डू आहे, मोबाइल रिपेअरिंगवाला. आवाज असा की स्पीकर लागत नाही. एकदा आम्ही धारला खेळायला गेलो तर हा पठ्ठ्या बोकड घेऊन आला. बोकडाला पांढरी जर्सी, पाठीवर पाच नंबर. दादाकडे बॉल आला की सगळे पिवळे मिळून बोकडाच्या आवाजात ओरडायचे.

मी दगड उचलला होता. मॅच संपल्यावर दादा सरळ माझ्याकडे आला, माझी मूठ उघडून दगड काढून घेतला आणि तसाच गुड्डूकडे गेला. मला वाटलं, आता वाजवतो. दादाने बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला.

"चांगला खेळतो," तो गुड्डूला म्हणाला. "ठेवून घ्या. तुमच्या डिफेन्सला लागेल."

गुड्डू स्वतः हसला. मला त्याचाही राग आला. आपल्यावरच्या जोकला हसणारा माणूस मला आवडत नाही, त्याला मारता येत नाही.

*

या सीझनला आम्ही वरच होतो. मग दादा गेला. दुसऱ्या शिफ्टवरून येत होता, बायपासवर ट्रकने उडवलं. याच्यापुढे मला लिहिता येत नाही.

तेराव्याला धारहून दोघं आले, पिवळ्या फुलांचा हार घेऊन. एक त्यांचा कॅप्टन, दुसरा गुड्डू. मी दारातच अडवलं. ज्याला बोकड म्हणालात त्याला हार घालायला आलात का, असं विचारलं. आणखीही बरंच बोललो, ते इथे छापण्यासारखं नाही. ते हार फाटकाला अडकवून गेले. मी तो काढून रस्त्यावर फेकला.

बाळकाकांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, शाब्बास, असा पाहिजे भाऊ.

*

दादा गेल्यावर आमचा डिफेन्सच गेला. एकेक मॅच हरत आम्ही खाली आलो. शेवटची मॅच उरली, आमच्याच मैदानावर, उज्जैनशी. धारच्या सगळ्या मॅच खेळून झाल्या होत्या आणि ते सगळ्यात वर होते; उज्जैनचे पॉइंट तेवढेच, फक्त गोलफरकाने मागे. हिशेब पोरालाही कळेल असा. आम्ही जिंकलो तर धार चॅम्पियन. आम्ही हरलो किंवा नुसते बरोबरीत सुटलो तरी उज्जैन चॅम्पियन.

बाळकाकांनी चहाच्या ठेल्यावर सगळ्यांना बोलावलं. टीमची पोरंही होती. काका म्हणाले, कोणी कोणाला काही सांगायचं नाही, फक्त समजून खेळायचं. आणि बघणाऱ्यांनी तोंड बंद ठेवायचं. टाळी नाही, घोषणा नाही, काही नाही. आपण गप्प बसलो की पोरांना आपोआप कळेल.

नीलेश, आमचा स्ट्रायकर, दादाचा शाळेपासूनचा दोस्त. तो खाली मान घालून ग्लास फिरवत होता. म्हणाला, काका, हरायचं म्हणून कसं खेळतात ते मला येत नाही.

तेव्हा काकांनी ते वाक्य टाकलं. "अमोलसाठी कर. धार चॅम्पियन झाली नाही, तर त्याच्या आत्म्याला शांती मिळेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अरे, जो माणूस घरात कॅरमची शेवटची सोंगटी गेली तर जेवायला उठत नव्हता, त्याच्या आत्म्याला हरून शांती? मी उकळता चहा काकांच्या पायाशी ओतला. पुन्हा माझ्या भावाचं नाव घेतलंत तर वय बघणार नाही, असं म्हणालो. काका म्हणाले, पोरगा दुःखात आहे, जाऊ द्या. याचा तर सगळ्यात जास्त राग आला. मी बरोबर बोललो की दुःखात असतो.

*

मॅचच्या दिवशी आई म्हणाली, मी पण येते. आईने आयुष्यात कधी मॅच बघितली नव्हती. पण आमच्या मैदानावर एक जुनी पद्धत आहे. मॅचआधी मॅनेजर माइकवर एकेका खेळाडूचं नाव घेतात आणि सगळं मैदान मिळून ओ देतं, "हाजिर!" सीझनच्या मध्ये कोणी गेला, तर त्याचं नाव सीझन संपेपर्यंत गाळत नाहीत. अकरा नावं झाली की बारावं त्याचं. मग पुढच्या वर्षी नाही.

दादाचं नाव त्या दिवशी शेवटचं घेतलं जाणार होतं. आईला ते ऐकायचं होतं.

मैदानावर बघतो तर काय, एक अख्खी बाजू पिवळी. धारवाले दोन बस भरून आले होते, देवास जिंकावं म्हणून! आमच्या घोषणा त्यांना पाठ, इतकी वर्षं समोर बसून ऐकलेल्या. "देवास, देवास" असं धारच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, आणि तो काही आनंदाचा नव्हता. आमची बाजू मात्र मौनव्रतात. बाळकाका मध्ये खुर्ची टाकून, हाताची घडी घालून.

मॅनेजरने नावं सुरू केली. पहिलं नाव. आमच्याकडून आवाज नाही. दुसरं, तिसरं, नाही. अकरा नावं अशीच गेली. मी स्वतःला सांगत होतो, दादाच्या नावाला तरी बोलतील. दर मॅचला बोलले होते.

"अमोल," मॅनेजर म्हणाले.

कोणी बोललं नाही. मी तोंड उघडलं, पण आधी बाळकाकांकडे बघितलं, ते तरी बोलतील म्हणून. आई माझ्याकडे बघत होती. मग सगळ्यांकडे बघू लागली, एकेकाच्या तोंडाकडे.

"हाजिर!"

पिवळ्या बाजूने. आधी एकटा गुड्डू, मग दोन्ही बस.

मी दोरी ओलांडून पळालो. गुड्डूची कॉलर धरली. तुझ्या तोंडात माझ्या भावाचं नाव येतंच कसं, म्हणालो.

तो म्हणाला, "भिया, तुमचे लोक चूप होते. कोणीतरी बोलायला पाहिजे ना."

मी एक ठेवून दिली. त्यानेही दिली. खरं सांगतो, तीन महिन्यांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

लोकांनी आम्हाला बाजूला केलं. वळून बघतो तर आई मैदानाच्या कडेकडेने चालत येत होती, पदर खोचून. वाटलं, मला न्यायला आली. ती माझ्या पुढून गेली आणि धारवाल्यांच्या सतरंजीवर जाऊन बसली. गुड्डूला म्हणाली, जरा सरक रे.

"आई, इथे नको बसू. धारवाले आहेत."

"दिसतंय मला. तिकडे कोणी ओ दिली?"

मी तिच्या शेजारी बसलो, गुड्डूकडे पाठ करून.

थोड्या वेळाने बाळकाका स्वतः आले. मॅच चालू असताना खुर्ची सोडून उठलेलं मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, सगळा गाव बघतोय."

"बघू देत," आई म्हणाली. "मी पण मॅच बघायलाच आले आहे."

मॅच म्हणाल तर आमची पोरं बागेत फिरल्यासारखी खेळत होती. बॉल आला की उज्जैनला देऊन मोकळी. हाफटाइमला नीलेश पाणी प्यायला कडेला आला आणि त्याला पिवळ्या गर्दीत आई दिसली. बाटली तोंडाशीच राहिली. आईने हातही केला नाही. बघत होती, एवढंच.

दुसऱ्या हाफमध्ये नीलेश वेगळाच माणूस होता. दोनदा पाडलं, दोनदा उठला. आमच्या बाजूने चक्क शिव्या येत होत्या, स्वतःच्या स्ट्रायकरला! मॅच संपत आली तेव्हा कॉर्नर मिळाला. नीलेश काही उंच नाही, हेडिंग त्याचं काम नव्हे. तरी उडाला. बॉल जाळीत.

पिवळी बाजू फुटली. ढोल, गुलाल, माणसं माणसांवर. धार चॅम्पियन. आमच्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. मी तिथे बसून रडत होतो आणि रडतोय याचाही राग येत होता.

गुड्डू पेढ्यांचा पुडा घेऊन आला. ओठ सुजलेला, ते माझं काम. पुडा आधी आईपुढे धरला. "आई, तोंड गोड करा."

आईने पेढा उचलला. अर्धा माझ्या तोंडात कोंबला, अर्धा स्वतः खाल्ला. सावकाश, नीट चावून. मग त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पुढच्या वर्षी," आई म्हणाली, "तुम्हाला चार घालू."