आपोआप चालणारा पंप

वस्तूला तिच्या मर्जीविरुद्ध आपोआप चालायला लावणारा माणूस डोंबिवली ते कल्याण एकच होता, आणि तो नेमका माझ्या ताईच्या नशिबी आला. ठाकुर्लीला राहणारे आमचे भावोजी कचेरीत कारकून. नव्वद सालच्या सुमारास, चाळिशी उलटल्यावर, त्यांना मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे यंत्रांना हुकूम सोडणाऱ्या चिपचा, नाद लागला. शिकवायला कुणी नाही, घरी कॉम्प्युटर नाही. सगळा प्रोग्रॅम जुन्या डायरीत पेन्सिलने आकड्यांत लिहायचा, पाढे म्हटल्यासारखा पुटपुटत तपासायचा आणि कल्याणच्या एका ओळखीच्या दुकानातून चिपमध्ये भरून आणायचा. चूक निघाली की चिप पुसायची. पुसायला अतिनील किरणांचा खास दिवा लागतो, तो नव्हता. म्हणून चिपच्या पाठीवरची काचेची खिडकी वर करून ते तिला गच्चीवर आठवडाभर ऊन देत, ताईच्या साबुदाण्याच्या पापड्यांशेजारी. "कावळ्यांकडे लक्ष ठेव गं," असं बजावत. ती काळजी पापड्यांची नव्हे, हे ताईला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या यशात गणपतीच्या कमानीचे दिवे नाचले. मग त्यांची नजर बिल्डिंगच्या पंपावर गेली. नळाला पाणी पहाटे पाचला, जेमतेम चाळीस मिनिटं. पंप चालू करायचं काम तळमजल्यावरच्या आमच्या ताईकडे. अकरा वर्षं ती साडेचारला उठत होती. पंप आपला आपण चालू व्हावा आणि हिला सहापर्यंत झोपता यावं, एवढंच भावोजींना हवं होतं. हे त्यांनी मला सांगितलं, तिला कधीच नाही.

सेक्रेटरींनी एकच पहाट दिली. "फसलं तर ही चिपची पेटी उचलायची, परत नाव काढायचं नाही."

मी मुक्कामालाच होतो. पाचला पाणी आलं. अर्धी बिल्डिंग जिन्यात उभी. पंप घुर्र करून सुरू झाला, बंद पडला, परत सुरू झाला. दोनदा लांब, तीनदा आखूड. "अहो, मोटर जळेल!" सेक्रेटरी ओरडले. भावोजींनी खटका पाडला. पाणी येऊन वीस मिनिटं झाली तरी ते डायरीच चाळत होते, चेहरा पांढराफटक. वरून कुणीतरी "आज आंघोळीची गोळी!" म्हणालं, तेव्हा त्या माणसाला बदडावं असं मला मनापासून वाटलं.

तेवढ्यात दारातून ताई म्हणाली, "अहो, ही तर आपल्या कमानीची लय. चिप चुकलीय तुमची."

ती धावत जाऊन दुसरी चिप घेऊन आली. अठ्ठावीस पायांचा तो किडा भावोजी एकेक पाय भोकाशी जुळवत बसवू लागले. एक पाय वाकला असता तर अकरा वर्षांची बारा झाली असती. चिप बसली. पंप सुरू झाला तो सुरूच राहिला. लोक बादल्या भरायला पळाले, शाबासकी कुणीही दिली नाही.

पुढे पंप एकदाही चुकला नाही. पण भावोजींचा त्याच्यावर काडीचा भरवसा नव्हता. रोज साडेचारला उठून, ताईची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन, ते पंपाशेजारी स्टुलावर जाऊन बसत. वरची टाकी भरली की येऊन परत आडवे होत.

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा ताई म्हणाली, "रोज जागीच असायचे रे मी. पण ते एवढं दबकत जायचे, मग मीपण झोपल्यासारखं करायचे." अजूनही तिला साडेचारला जाग येते, आणि ती तशीच डोळे मिटून पडून राहते.